माजी महिला सैनिकांचा सन्मान: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आत्याच्या सत्कारात जे घडलं (प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे), त्यानंतर मी आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना, शाळांना आणि महिला मंडळांना असे कार्यक्रम ठरवायला मदत करू लागले. सातारा हा फौजींचा जिल्हा, त्यामुळे माजी सैनिकांचा सत्कार आपल्याला नवा नाही. बाई सैनिक असली की मात्र भले भले गोंधळतात. ग्रामसेवक, मुख्याध्यापक, मंडळाची पोरं, कधी त्या बाईंच्या सुना, असे सगळे फोन करून तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. माजी महिला सैनिक म्हणजे नेमकं कोण? वीरपत्नी आणि त्या एकच का?

एकच नाहीत. जिने स्वतः भूदलात, नौदलात किंवा हवाई दलात नोकरी केली आणि जी रीतसर निवृत्त झाली किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून बाहेर पडली, ती माजी सैनिक. हुद्दा तिचा, नेमणूक तिची, सेवेचे कागदही तिच्याच नावाचे. वीरपत्नी आणि वीरमाता यांचा मान वेगळा आहे, आणि तो मोठाच आहे, पण तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या बलिदानापोटी येतो. दोघींना एका रांगेत उभं करून एकच वाक्य बोललं की दोघींवरही अन्याय होतो. एकच बाई दोन्ही असेल तर प्रश्न १५ पाहा.

२. पण सैन्यात मुली तर आत्ता आत्ता जायला लागल्या. आपल्या भागात निवृत्त झालेल्या कुठून सापडणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फौजी इस्पितळांसाठी पहिल्या दहा परिचारिका इंग्लंडहून १८८८ साली मुंबईत उतरल्या. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायमस्वरूपी झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ‘विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर’ उभी राहिली. तिच्यातल्या बायका टेलिफोन, टंकलेखन आणि हिशेब ही कामं करत, आणि नौदलासाठी तिची वेगळी शाखाही होती. स्वातंत्र्यानंतर १९५८ पासून महिला डॉक्टरांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये नियमित कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळू लागलं. वैद्यकीय शाखेबाहेरची दारं १९९२ मध्ये उघडली आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून महिला अधिकाऱ्यांची पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. जवान म्हणून भरती झालेल्या पहिल्या ८३ मुली मिलिटरी पोलीसमध्ये मे २०२१ मध्ये दाखल झाल्या. एनडीएतून पहिल्या १७ जणी पास झाल्या त्या मे २०२५ मध्ये.

यावरून अंदाज बांधा. साठीच्या पुढच्या बाई असतील तर बहुधा लष्करी परिचारिका किंवा डॉक्टर. पन्नाशीच्या आसपास असतील तर सिग्नल्स, ऑर्डनन्स, सर्व्हिस कोअर, एज्युकेशन कोअर किंवा हवाई दलातल्या अधिकारी. चाळिशीच्या असतील तर दहा-चौदा वर्षांची शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, करून आलेल्या. महिला हवालदार किंवा सुभेदार निवृत्त होऊन गावी यायला अजून काही वर्षं आहेत. त्या आल्या की पाराजवळच्या गप्पांना वेगळा रंग चढेल, आणि मी त्या दिवसाची वाट पाहते आहे.

३. त्या नर्स होत्या. नर्सला सैनिक कसं म्हणायचं?

म्हणायचंच. लष्करी परिचर्या सेवेतल्या परिचारिका कमिशन्ड अधिकारी असतात. लेफ्टनंटपासून सुरुवात होते आणि कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल अशी चढती असते. या सेवेच्या प्रमुखपदी असलेल्या बाई मेजर जनरल असतात. त्यांची बदली फौजी इस्पितळांत होते आणि ती इस्पितळं सीमेजवळही असतात. हा वाद न्यायालयातही गेला होता. पंजाबमधल्या एका नोकरभरतीत लष्करी परिचारिकेला माजी सैनिक मानायला नकार मिळाला, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

‘नुसती नर्स’ हे दोन शब्द मी कार्यक्रमाच्या बैठकीत खूपदा ऐकले आहेत. माझी आत्या १९९९ मध्ये श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलमध्ये होती. कारगिलचे जखमी तिथे येत होते. गोळी लागलेल्या माणसाला रात्रभर जिवंत ठेवणं याला ‘नुसतं’ म्हणता येत नाही.

४. गावातल्या किंवा तालुक्यातल्या माजी महिला सैनिक शोधायच्या कशा? आमच्या यादीत एकही नाव नाही.

यादी बहुतेक वेळा माजी सैनिकांच्या संघटनेची असते, आणि ती बनवली जाते पारावर बसणाऱ्या मंडळींना विचारून. बाई पारावर नसतात.

दुसरी अडचण नावाची. भरती माहेरच्या आडनावाने होते, गाव ओळखतं सासरच्या नावाने. खटावची मुलगी फौजेत गेली आणि लग्न होऊन वाळव्याला नांदायला आली, तर खटाव म्हणतं ती आता तिकडची, आणि वाळव्याला ती कुणाची तरी काकू म्हणूनच माहीत असते. म्हणून माहेरवाशिणींची चौकशी करा. ‘तुमच्या घरातली कुणी मुलगी, बहीण, आत्या मिलिटरी हॉस्पिटलात किंवा फौजेत होती का?’ असं घरोघरी विचारलं की नावं निघतात. ‘माजी सैनिक आहे का कुणी?’ असं विचारलं की फक्त पुरुषांची निघतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांची नोंद तिथे असते. ते कुणाचा फोन नंबर सहजासहजी देणार नाहीत आणि देऊही नये. तुमचं निमंत्रणपत्र त्यांच्यामार्फत पोचवायची विनंती करा. शिवाय नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आणि सेवा केंद्रात येतात. तिथे एक साधी चिठ्ठी लावली तरी काम होतं.

माहेर आणि सासर, दोन्ही गावांनी सत्कार करायला काहीच हरकत नाही.

५. कार्यक्रम कोणत्या दिवशी ठेवावा?

माजी सैनिक दिन १४ जानेवारीला असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्यावरून तो ठरला. आपल्याकडे नेमकी हीच अडचण होते, कारण बहुतेक वर्षी संक्रांत त्याच दिवशी येते. घरात सुगडं पुजायची, वाण द्यायचं, गुळाच्या पोळ्या करायच्या, आणि सकाळी दहाला पंचायतीसमोर कार्यक्रम! पुरुष माजी सैनिक येतात, बाई येऊ शकत नाहीत, आणि मग ‘बोलावलं होतं, आल्या नाहीत’ असं होतं.

यावर दोन उपाय चालले आहेत. एक, त्या दिवशीचा कार्यक्रम दुपारी चारनंतर घेणं. दुसरा मला जास्त आवडतो, तो ३ जानेवारीचा. त्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती असते. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळे शाळांत कार्यक्रम असतोच. त्यातच गावच्या माजी महिला सैनिकांना पाहुण्या म्हणून बोलवा.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. शाळेतल्या मुलांकडे निधीची तिकिटं येतात, पण ती कशासाठी हे त्यांना कुणी सांगत नाही. त्या दिवशीही बाईंना वर्गात बोलवता येईल. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी शक्यतो टाळा. झेंडावंदन, भाषणं, कवायत या गर्दीत सत्कार उरकला जातो.

६. पुरुषांना फेटा बांधतो. बाईंचं काय करायचं? ओटी भरायची का?

फेटा बांधत असाल तर सगळ्यांना बांधा, नाहीतर कुणालाच नको. सत्कार मंचावर करा, त्याच क्रमाने आणि त्याच पाहुण्यांच्या हातून. ओटी भरू नका.

हे इतकं ठामपणे का सांगते, तर आत्यामुळे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी माजी सैनिकांचा सत्कार होता. आत्या एकोणतीस वर्षं नोकरी करून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेली. मंचावर पंधरा-सोळा खुर्च्या, त्यांवर फेटे बांधलेले माजी सैनिक. त्यांतले बरेचसे तिच्यापेक्षा हुद्द्याने खालचे, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. आत्या तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. पुरुषांचे सत्कार झाल्यावर सूत्रसंचालक म्हणाले, “आता आपण आपल्या वीरपत्नींचा सन्मान करूया,” आणि यादीत आत्याचं नाव वाचलं. तिचं लग्नच झालेलं नाही. मंचाच्या कडेला दोन बायका ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा. त्यांतल्या एकीने करंडा उचलला, आत्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. कपाळ मोकळं होतं. लावावं की लावू नये, तिला कळेना. आत्यानेच नारळ उचलून घेतला, नमस्कार केला आणि खाली येऊन बसली.

एसटीत तो नारळ तिने मांडीवर धरला होता. बोलली काहीच नाही. बॉम्बे रेस्टॉरंट चौक आल्यावर एवढंच म्हणाली, “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, मी कोण ते.”

त्या दोघींची काहीच चूक नव्हती. त्यांनी आपल्याकडे बाईला मान द्यायची जी रीत आहे तीच पाळली. पण ओटी भरली जाते ती सवाष्ण म्हणून, घरची लेक-सून म्हणून. एकोणतीस वर्षांच्या नोकरीचा त्या खणानारळाशी काही संबंध नाही. एखाद्या बाईंना घरी नेऊन ओटी भरावीशी वाटली, तर घरी जरूर भरा, पण मंचावर तिच्या सेवेचाच मान झाला पाहिजे.

शाल, श्रीफळ, मानपत्र हे चालतं. फेटा काही जणींना जड होतो, मान दुखते. आदल्या दिवशी फोन करून विचारा.

७. बाई विधवा असतील तर सत्कारात काही वेगळं करावं का?

काहीही वेगळं नको. प्रश्न ६ प्रमाणे केलंत तर ही अडचण मुळात येतच नाही, कारण कपाळाकडे बघायची वेळच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. तुमच्या गावाने असा ठराव केला असेल तर उत्तमच, नसेल केला तर या निमित्ताने ग्रामसभेत मांडा.

८. पत्रिकेत नाव कसं छापायचं? आणि बोलताना हाक काय मारायची?

आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात ‘निवृत्त’. म्हणजे ‘लेफ्टनंट कर्नल अमुक तमुक (निवृत्त)’. फौजेतला संकेत असा की हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याला चिकटवायचा नाही. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ गाळा. हुद्दा लावल्यावर त्याची गरज नाही आणि बाईचं लग्न झालंय की नाही हे पत्रिकेत सांगायचं कारणही नाही. सासरचं नाव की माहेरचं, हे त्यांनाच विचारा.

मंचावर ‘कॅप्टन मॅडम’, ‘कर्नल मॅडम’. खाली उतरल्यावर तुमच्या आत्या असतील तर आत्या, काकू असतील तर काकू. आमच्या आळीतली पोरं आत्याला ‘कर्नल आत्या’ म्हणतात. तिला ते फार आवडतं.

९. मेडल लावून यायला सांगावं का? साडीवर मेडल कुठे लावतात?

जरूर सांगा. अनेक जणी ‘उगाच मिरवल्यासारखं दिसतं’ म्हणून आणत नाहीत. स्वतःची मेडल डाव्या छातीवर लावतात. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो, त्यामुळे पदर नीट पिनअप करून त्यावर मेडलची पट्टी बसवावी लागते. वरून ब्लेझर घालणं सगळ्यात सोयीचं. गेलेल्या सैनिकाची मेडल घरच्यांनी लावायची असतील तर ती उजव्या बाजूला. बाई पाहुण्या म्हणून मंचावर असतील आणि मेडल उजवीकडे असतील, तर ती त्यांच्या नवऱ्याची किंवा मुलाची आहेत हे जाणकाराला लगेच कळतं.

१०. सूत्रसंचालनात काय बोलावं? आम्ही महाराणी ताराबाईंपासून सुरुवात करतो.

ताराराणींनी १७०० ते १७०७ अशी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. एक वाक्य बोला आणि पुढे चला. मी असे कार्यक्रम पाहिले आहेत जिथे वीस मिनिटं इतिहास झाला आणि समोर बसलेल्या बाईंना दोन मिनिटं मिळाली.

बाईंची माहिती आधी लिहून घ्या. नाव, हुद्दा, कोअर किंवा सेवा, भरतीचं आणि निवृत्तीचं साल, कुठे कुठे नेमणूक होती. तेवढं नीट, न अडखळता वाचा. ‘अबला नव्हे सबला’, ‘रणरागिणी’, ‘चूल आणि मूल सोडून’ ही वाक्यं नकोत.

नंतर त्यांना प्रश्न विचारा. ‘भीती वाटली नाही का?’ आणि ‘घरच्यांनी परवानगी दिली का?’ हे दोन प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारले गेले आहेत. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. एकदा नववीतल्या एका मुलीने आत्याला विचारलं, “जखमी यायचे त्यांत आपल्याकडचं कुणी असायचं का?” आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग घरी येऊन तिने काळी पत्र्याची ट्रंक उघडली आणि एक छोटी वही काढली, ती आम्हीही कधी पाहिली नव्हती. वॉर्डात कुणी मराठी बोलणारा आला की ती विचारायची, “कुठला रे तू?” आणि रात्री गावाचं नाव वहीत लिहायची. माणसाचं नाव नाही, फक्त गावाचं. कोरेगाव, पुसेगाव, जत, पाटण, कवठेमहांकाळ. काही नावांपुढे बारीक टिंब होतं. टिंब कशाचं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

जे सांगायचं नाही ते त्या सांगणार नाहीत. खोदून विचारू नका.

११. पेन्शन मिळत नसेल तर ती माजी सैनिक नव्हे, असं आमचे ग्रामसेवक म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण वीस वर्षांची सेवा लागते. १९९३ पासून वैद्यकीय शाखेबाहेर भरती झालेल्या बहुतेक महिला अधिकाऱ्यांना फक्त शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळत होतं. आधी पाच वर्षं, मग वाढवत दहा, आणि जास्तीत जास्त चौदा. म्हणजे नियमच असा होता की पेन्शनपर्यंत पोचता येऊ नये. पस्तिशी-सदतिशीत अनुभवी अधिकारी घरी यायची. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यायचा निकाल दिला, तेव्हा कुठे हे बदललं. त्याआधी बाहेर पडलेल्या कितीतरी जणींना पेन्शन नाही. ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेली अधिकारी माजी सैनिक म्हणून पात्र असते. २०१९ पासून अशा शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, उपचारांची दारंही खुली झाली आहेत. हे अनेक जणींना माहीत नाही, सत्काराच्या निमित्ताने सांगा.

मुदतीआधी स्वतःच्या अर्जावर, पेन्शनशिवाय नोकरी सोडली असेल तर कागदोपत्री दर्जा सहसा मिळत नाही. गावाच्या सत्काराला मात्र कागदाची अट कशाला हवी?

१२. घरपट्टी माफीचा लाभ महिला माजी सैनिकांना आहे का?

आहे. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत २०२० पासून राज्यातल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची मालमत्ता कर माफी आहे, गावात आणि शहरातही. बाई स्वतः माजी सैनिक असतील तर अर्ज त्याच नात्याने करायचा. अर्जावर ‘सैनिकाची विधवा’ या रकान्यात त्यांना ढकलू नका. मी असे दोन अर्ज पाहिले आहेत. त्यांतल्या एकीचा नवरा शिक्षक आहे आणि ठणठणीत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

१३. सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस, एनसीसी यांतल्या बायकांना माजी सैनिक म्हणायचं का?

कायद्याच्या भाषेत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह मंत्रालयाखालची दलं. त्यांतून निवृत्त झालेल्यांना २०१२ पासून ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ असा वेगळा दर्जा आहे. घरपट्टी माफीसारख्या योजनांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

सन्मान करायला मात्र कुणी अडवलेलं नाही. सीआरपीएफची पहिली महिला बटालियन १९८६ सालची आहे आणि २००७ मध्ये या दलाच्या महिला तुकडीने लायबेरियात संयुक्त राष्ट्रांसाठी काम केलं. अशा बाई गावात असतील तर त्यांचं दल नीट उच्चारून बोलवा. एनसीसी हे विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण आहे, लष्करी सेवा नव्हे. त्या मुली मानवंदनेला उभ्या राहिल्या तर शोभा येते.

१४. पत्री सरकारात काम केलेल्या आणि आझाद हिंद सेनेतल्या बायका?

त्या स्वातंत्र्यसैनिक. तो दर्जा वेगळा आणि त्याची नोंदही वेगळी. १९४३ मध्ये सिंगापुरात उभी राहिलेली राणी झाशी रेजिमेंट खरोखरीची लष्करी तुकडी होती, पण ती भारतीय सैन्याचा भाग नव्हती. तसंच पत्री सरकारच्या तुफान सेनेचं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये गेल्या आणि त्या पिढीतलं एक मोठं माणूस गेलं. ज्या घरांत अशा आज्या होत्या त्यांच्या आठवणी लिहून घ्या, आणि कार्यक्रमात त्यांचं स्मरण स्वतंत्र ठेवा.

१५. एखादी बाई वीरपत्नीही आहे आणि स्वतः सैनिकही. तेव्हा काय म्हणायचं?

दोन्ही म्हणायचं, पण वेगवेगळ्या वाक्यांत. सातारकरांना यासाठी उदाहरण शोधावं लागत नाही. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर परीक्षा दिली, चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट म्हणून ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या. त्यांच्याबद्दल बोलताना लोक पहिल्या वाक्यावरच थांबतात. खांद्यावरचे तारे त्यांनी स्वतः मिळवलेले आहेत.

१६. नवरा-बायको दोघेही फौजी असतील तर एकत्र सत्कार चालेल?

एका कार्यक्रमात चालेल, पण एका शालीत नाही. दोघांची नावं वेगळी वाचा, दोन मानपत्रं द्या, आणि ज्याचा हुद्दा मोठा त्याचं नाव आधी घ्या. बायकोचा मोठा असेल तर बायकोचं.

१७. लग्न केलं म्हणून नोकरीवरून काढलेल्या बाईंचा सत्कार करावा का? त्यांच्या कागदांवर सेवामुक्ती आहे.

करावा, आणि आवर्जून करावा. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार परिचर्या सेवेतल्या बाईने लग्न केलं की तिची सेवा संपवता येत असे. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. त्या काळात काही जणींनी नोकरीसाठी लग्न केलं नाही. आत्या त्यांतली एक. काहींनी लग्न केलं आणि नोकरी गमावली. १९८८ मध्ये अशीच काढून टाकलेली एक अधिकारी लढत राहिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड उघड मनमानी आणि भेदभावाचा ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. छत्तीस वर्षं लागली. तुमच्या गावातल्या बाईंनी कागदांवरच्या त्या एका शब्दापायी आपली नोकरी कुणाला सांगितलीच नसेल, हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे जा.

१८. अग्निवीर मुली चार वर्षांनी परत येतील, त्या माजी सैनिक का?

योजनेच्या नियमाप्रमाणे नाही, त्यांना पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. नौदलात २०२२ च्या अखेरीस गेलेल्या पहिल्या तुकडीतल्या मुलींची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. गावाने त्यांचं स्वागत वेशीवर जाऊन करावं असं माझं मत आहे.

१९. गावच्या स्मारकावर महिलांची नावं घालता येतील का?

स्मारक हुतात्म्यांचं असेल तर त्यावर फक्त हुतात्म्यांची नावं. ती मर्यादा पाळा. आपशिंगे मिलिटरीचा स्तंभ पाहा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्यासाठी तो उभा आहे. तिथे जिवंत माणसाचं नाव शोभणार नाही. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’च्या वेळी गावोगाव शिलाफलक बसले, त्यांचंही तसंच.

सेवा केलेल्या सगळ्यांचा फलक मात्र वेगळा करता येतो, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत. त्यावर स्त्री-पुरुष असे दोन रकाने करू नका. भरतीच्या सालाप्रमाणे एकच यादी करा. माहेरवाशिणींची नावंही घाला.

२०. माजी महिला सैनिकाचं निधन झालं तर पार्थिवावर तिरंगा ठेवता येतो का?

गावाने आपल्या मनाने ठेवू नये. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज पार्थिवावर पांघरला जातो तो फक्त शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारांत. केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि ध्वज चितेवर किंवा थडग्यात जात नाही. बातमी कळताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा. काय शक्य आहे ते तिथून समजेल. गावातले गणवेश नसलेले माजी सैनिक मेडल लावून, रांगेत, सावधान उभे राहू शकतात. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुरुष सैनिकासाठी जेवढे येतात तेवढेच बाईसाठी यावेत.

२१. बाईंनी सत्काराला नकार दिला तर?

आग्रह करू नका. कुणाला जुन्या आठवणी उकरायच्या नसतात, कुणाला आधीच्या सत्काराचा अनुभव पुरेसा असतो (प्रश्न ६). मंचाशिवायही पुष्कळ करता येतं. फलकावर नाव घालता येतं, अडलेला अर्ज मार्गी लावता येतो.

कोरेगावकडच्या एका शाळेने निवृत्त लष्करी परिचारिका असलेल्या बाईंना दोनदा विचारलं, त्या दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. मग मुख्याध्यापक बाईंनी निरोप पाठवला, “आठवीच्या मुलींना प्रथमोपचार शिकवाल का?” त्या आल्या. दीड तास पट्ट्या बांधायला शिकवल्या. शाल नव्हती, नारळ नव्हता, फोटोही काढला नाही. निघताना मुली उठून “जय हिंद, मॅडम” म्हणाल्या, तेव्हा त्याही दारात ताठ उभ्या राहिल्या. पुढच्या गुरुवारी त्या कुणी न बोलावता पुन्हा आल्या. मोडलेला हात कसा बांधायचा ते राहिलं होतं म्हणून पिशवीत लाकडी पट्ट्या घेऊन आल्या होत्या.